पाटी कुठल्या गावात लावणार?

पत्र:

प्रिय मावशी,
मी २३ वर्षांची आहे. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाले. बारावीनंतर दोनदा ‘नीट’ प्रवेशपरीक्षा दिली, एम.बी.बी.एस. दोन्ही वेळा हुकलं. दुसऱ्या वेळी लांबच्या एका खासगी कॉलेजात बी.ए.एम.एस. मिळत होतं, ते मी घेतलं नाही. या उन्हाळ्यात आजीला गुडघ्यांसाठी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात नेलं होतं, सोबत मी राहिले. आजी आता जिना चढते, वजन उतरलंय, बीपीची गोळीसुद्धा तिनं बंद केली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, हेच शिकायचं. कॉलेज रोडवरच्या एका सल्लागारानं अमेरिकेतल्या नॅचरोपॅथिक कॉलेजची ऑफर मिळवून दिली आहे. पदवीनंतरचा चार वर्षांचा कोर्स, नावापुढे डॉक्टर लागतं. मामा डॅलसला असतो, तो म्हणतो सुरुवातीला इथेच प्रॅक्टिस कर. नंतर मला नाशिकला परत येऊन गंगापूर रोडला स्वतःचं केंद्र काढायचं आहे. बाबा एच.ए.एल.मधून निवृत्त झालेत, पाथर्डी फाट्याचा प्लॉट तारण ठेवायला तयार आहेत. आई म्हणते, एवढे पैसे घालून ही खरी डॉक्टर होणार की नाही ते आधी कळू दे. महिनाअखेर डिपॉझिट भरायचं आहे. काय करू?
– क., इंदिरानगर

उत्तर:

क.,

आधी आजी. तुझं ॲडमिशन आठवडाभर थांबेल, बीपीच्या गोळीचं तसं नाही. तू ते वाक्य कौतुकानं, जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्या पत्रात तेच खुपलं. आश्रमात मीठ बेताचं, जेवण मोजकं, रोजचं चालणं, वेळेवर झोप. यानं रक्तदाब खाली येतो, त्यात काही चमत्कार नाही. पण घरी आल्यावर लोणचं-पापड सुरू होतात, दुपारची मालिका सुरू होते, आणि तो पुन्हा चढतो. चढताना सांगून चढत नाही. गोळी कमी करायची, बंद करायची की तशीच ठेवायची, हे ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनी रक्तदाब मोजून ठरवायचं. आज मोजून घे आणि उद्या आजीला घेऊन जा. आश्रमातल्या डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितलं होतं का, हेही तिला विचार. माझा अंदाज, तिचं तिनंच ठरवलं असणार.

आता तुझं.

उरुळीला तू जे पाहिलंस ते तुला भावलं, यात मला काही खोट दिसत नाही. त्या जागेला इतिहासही तसाच आहे. १९४६ साली गांधीजी तिथं राहिले, गावातल्या रुग्णांवर उपचार सुरू केले आणि पुढं मणिभाई देसाईंनी ते काम उभं केलं. त्याआधी पुण्यात ताडीवाला रोडला डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचाराचं क्लिनिक होतं, तिथं गांधीजींचा मुक्काम असे. त्याच जागेत १९८६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. म्हणजे तुला ज्याची ओढ लागली आहे त्याचं माहेर नाशिकहून चार-पाच तासांवर आहे, आणि तू त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायला निघाली आहेस.

ओलांडायला हरकत नाही. पण पलीकडे जे शिकवतात ते हेच नव्हे. सल्लागारानं तुला हे सांगितलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडचा निसर्गोपचार म्हणजे मूळचा बिनऔषधी उपचार. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, बाष्पस्नान, एनिमा, मालिश, उपवास, रसाहार, सूर्यस्नान आणि जोडीला योग. रुग्णाला गोळी नाही, काढा नाही, पुडीही नाही. गांधीजींच्या काळापासून हा बाणा आहे. अमेरिका-कॅनडातल्या चार वर्षांच्या एन.डी. (नॅचरोपॅथिक डॉक्टर) अभ्यासक्रमाचं मूळ युरोपातल्या जलोपचारात आहे, आपल्या निसर्गोपचाराचंही बरंचसं तिथंच आहे, पण झाड वेगळ्याच बाजूला वाढलं. तिथं पहिल्या दोन वर्षांत शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र असे विषय, आणि नंतर आहारशास्त्र, वनौषधी, जलोपचार, हातानं करायचे सांध्या-मणक्यांचे उपचार, समुपदेशन, औषधशास्त्र, किरकोळ शस्त्रक्रिया, आणि होमिओपॅथीसुद्धा. वनौषधी आणि पूरक जीवनसत्त्वांच्या बाटल्या तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामातल्या. ऑरेगॉन, वॉशिंग्टन, ॲरिझोना अशा राज्यांत तर त्यांना बरीच ॲलोपॅथिक औषधंही लिहून देता येतात. मातीची पट्टी शिकायला गेलीस आणि चार वर्षांनी वनौषधींचे अर्क, होमिओपॅथी आणि व्हिटॅमिनची इंजेक्शनं शिकून आलीस, तर कॉलेजनं फसवलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या माहितीपत्रकात हे सगळं छापलेलं असतं. नीट वाच, विषयवार वाच.

अभ्यास हलका नाही, हेही सांगते. तिथं मान्यता देणारी जी परिषद आहे, सी.एन.एम.ई., तिच्या नियमानं किमान ४,१०० तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातले किमान १,२०० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत. मधे आणि शेवटी एन.पी.एल.ई.एक्स. ही दोन भागांची परीक्षा. अशी मान्यता असलेली कॉलेजं सगळ्या उत्तर अमेरिकेत मिळून दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. पोर्टलंडला १९५६ साली निघालेलं, सिॲटलजवळचं बॅस्टिअर, टोरांटोचं कॅनेडियन कॉलेज ही त्यातली जुनी नावं. तुझ्या ऑफर लेटरवरचं कॉलेज त्या परिषदेच्या यादीत आहे का, हे सल्लागाराला विचारू नकोस, परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः बघ. कारण तिकडेही घरबसल्या, पत्राद्वारे ‘डॉक्टर ऑफ नॅचरोपॅथी’ वाटणारी दुकानं आहेत आणि त्यांचा कागद घेऊन कुठल्याच राज्यात परवाना मिळत नाही. आणखी एक, तुझी बी.एस्सी. तीन वर्षांची. ती तिथल्या चार वर्षांच्या पदवीइतकी धरतातच असं नाही. ऑफर ‘अटींसह’ असेल तर त्या अटींमध्ये बहुधा हेच दडलेलं असेल.

आणि आता मामा. मामा प्रेमानं बोलला, पण डॅलस टेक्सासमध्ये आहे आणि टेक्सास राज्य निसर्गोपचारकांना डॉक्टर म्हणून परवानाच देत नाही. तिकडे हा विषय राज्यागणिक बदलतो. साधारण निम्म्या राज्यांत परवाना मिळतो. टेनेसी आणि साउथ कॅरोलायनात या व्यवसायाला कायद्यानंच बंदी आहे. बाकीच्या राज्यांत ना परवाना, ना बंदी, म्हणजे आहारसल्ला वगैरे देता येईल, पण निदान केलंस, उपचार लिहिलेस तर विनापरवाना वैद्यकी केली म्हणून अंगाशी येणार. तेव्हा मामाच्या घरी राहून प्रॅक्टिस हा बेत आधी खोडून टाक.

परवाना असलेल्या राज्यात गेलीस तरी पुढचं गणित आहेच. शिक्षण संपल्यावर विद्यार्थी व्हिसावर साधारण वर्षभर काम करता येतं. त्यानंतर तुझ्यासाठी व्हिसाचा खर्च आणि कटकट करणारा मालक लागतो. इस्पितळात नोकरी लागण्यासारखा हा पेशा नाही. पुष्कळ जण एकट्या-दुकट्याची छोटी क्लिनिकं चालवतात आणि ते कुठून परदेशी मुलीचा व्हिसा करणार? वृद्धांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेअर, निसर्गोपचारकांची बिलं भरत नाही. टोरांटोला गेलीस तर ओंटारिओत २०१५ पासून या व्यवसायाला स्वतःचा कायदा आणि नियामक मंडळ आहे, त्यामानानं चित्र स्वच्छ. पण तिथंही प्रांताच्या सरकारी विम्यात हे बसत नाही.

हे सगळं मी तुला घाबरवायला लिहीत नाही. सिॲटलला किंवा टोरांटोला कायमचं राहायची तुझी तयारी असती, तर मी म्हटलं असतं, मान्यता तपास, कर्जाचं बघ आणि जा. पण तू स्वच्छ लिहिलं आहेस की परत यायचं आहे आणि पाटी गंगापूर रोडला लावायची आहे. मग पदवी कुठून घ्यायची हा दुसरा प्रश्न. पाटी कुठं लावायची हा पहिला. वैद्यकातल्या पदव्यांना गावाची, राज्याची हद्द असते. इंजिनिअरची पदवी विमानात बसून कुठंही जाते, वैद्याची तशी जात नाही.

अमेरिकेची एन.डी. घेऊन तू ओझरच्या विमानतळावर उतरलीस, तर इथल्या कायद्याच्या नजरेत तू कोण? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल त्या पदवीवर नोंदणी करत नाही, ती एम.बी.बी.एस. नव्हे. आयुर्वेद-युनानीवाल्यांची परिषद करत नाही, ती बी.ए.एम.एस. नव्हे. होमिओपॅथीतही तेच. आणि १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक कायद्याचं कलम ३३ नोंदणी नसलेल्या माणसाला वैद्यकी करायला मनाई करतं. बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या वाचतेस ना, त्या बऱ्याचदा याच कलमाच्या असतात. तू बोगस नसशील, ४,१०० तास घाम गाळलेली असशील, पण तपासायला आलेल्या माणसाला दाखवायला तुझ्याकडे नोंदणी क्रमांक नसेल. आहार, व्यायाम, मालिश, योग असं ‘आरोग्य केंद्र’ चालवता येईल. त्यासाठी एक कोटी कशाला?

हो, एक कोटी. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांची नुसती फी वर्षाला तीस हजार डॉलरच्या पुढं आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी चार वर्षांची फी कोटीच्या वर जाते, आणि घरभाडं, जेवण, विमा, विमानं वेगळी. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण चालू असेपर्यंत आणि सहसा नंतर वर्षभर थांबतात, व्याज मात्र थांबत नाही. कर्ज डॉलरच्या फीचं आणि फेडायचं गंगापूर रोडच्या रुपयांत. बाबांच्या वयाला हा प्लॉट म्हणजे पेन्शनला जोड आहे. आईनं जे विचारलं ते तू पत्रात कुरकुर म्हणून लिहिलंस, पण घरात सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे.

सल्लागारांबद्दल एकच वाक्य. परदेशी ॲडमिशन करून देणाऱ्या पुष्कळ मंडळींना कॉलेजकडून कमिशन मिळतं, तेव्हा टेक्सासचा परवाना हा त्यांच्या आस्थेचा विषय नसतो.

आता इथलं काय आहे ते.

भारतात या विषयाची खरी पदवी म्हणजे बी.एन.वाय.एस., निसर्गोपचार आणि योगशास्त्राची. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं, ते तुझ्याकडे आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बहुतेक कॉलेजं कर्नाटकात आणि तामिळनाडूत. धर्मस्थळाजवळ उजिरेला १९८९ पासूनचं कॉलेज आहे, चेन्नईला सरकारी कॉलेज आहे, आणि पुढं याच विषयात एम.डी.ही करता येतं. प्रवेशाचे नियम राज्यागणिक वेगळे आणि बदलते आहेत, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच अर्ज कर. उजिरेला रुग्ण कानडी बोलणार, तेवढी भाषा उचलावी लागेल, पण इंटर्नशिप संपेपर्यंत ती येते. आज आत शिरलीस तर बाहेर पडताना २९ची असशील. अमेरिकेहून परतताना २७ची असतीस. हिशेब फार वेगळा नाही आणि प्लॉट शाबूत.

पण इथंही एक गाठ आहे. २०२० च्या कायद्यानं भारतीय वैद्यकासाठी जो राष्ट्रीय आयोग नेमला त्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा (तिबेटी वैद्यक) आहेत. होमिओपॅथीला वेगळा आयोग आहे. निसर्गोपचार आणि योग दोन्हींतून बाहेर राहिले. त्यामुळं बी.एन.वाय.एस.ची नोंदणी हा ज्या त्या राज्याचा मामला. कर्नाटकाच्या कायद्यात निसर्गोपचाराचा नावानिशी समावेश आहे. महाराष्ट्रात पाटी लावायची असेल तर प्रवेश घेण्याआधी राज्याच्या आयुष संचालनालयाला लेखी विचार, की या पदवीवर इथं मला नेमकं काय करता येईल. तोंडी उत्तर घेऊन येऊ नकोस, कागदावर घे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

बी.ए.एम.एस. तू एकदा सोडलंस. का सोडलंस ते लिहिलं नाहीस. एम.बी.बी.एस. न मिळाल्याच्या रागात सोडलं असशील तर तो राग अजून आहे का ते बघ. नीटला आता वरच्या वयाची अट नाही. आयुर्वेदाची पदवीही साडेपाच वर्षांचीच, इथं म्हसरुळच्या आरोग्य विद्यापीठाची, आणि नाशिकमध्येच गणेशवाडीला जुनं आयुर्वेद महाविद्यालय आहे. कायद्याच्या बाजूनं हा रस्ता सगळ्यात पक्का, पाटीवर नोंदणी क्रमांक येतो, आणि आहार, दिनचर्या, स्नेहन-स्वेदन, लंघन यांतलं पुष्कळसं तुला जे करायचं आहे त्याच्या शेजारचंच आहे. अडचण एवढीच की तुला औषधं न देता बरं करायचं आहे आणि तिथं औषधांचं मोठं शास्त्र शिकावं लागेल. मन लागणार नसेल तर साडेपाच वर्षं फार लांब वाटतात.

पत्राद्वारे किंवा शनिवार-रविवारी करायचा निसर्गोपचार डिप्लोमा कोणी सुचवला तर मात्र ऐकू नकोस. नाशिकमध्ये अशा फ्रेम केलेल्या प्रमाणपत्रांची काही वाण नाही. आणि का नको, ते फक्त कायद्यापुरतं नाही. तुझ्याकडे येणारा रुग्ण रिकाम्या हातानं येत नाही, गोळ्यांची पिशवी घेऊन येतो. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कोणाला उपवासाला बसवलंस तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. मूत्रपिंडं अधू असलेल्याला रसाहार म्हणून रोज नारळपाणी आणि फळांचा रस दिलास तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके चुकतात. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं इन्सुलिन ‘नैसर्गिक’ म्हणून थांबवलंस तर काही दिवसांत जीवावर बेततं. बाष्पस्नानात हृदयरोग्याला किती वेळ बसवायचं, गरोदर बाईला बसवायचंच नाही, हे सगळं शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र पचवल्याशिवाय कळत नाही. माती निरुपद्रवी दिसते म्हणून लोक हा विषय सोपा समजतात.

तू मायक्रोबायोलॉजीची आहेस, म्हणून आणखी एक गोष्ट तुझ्याशी उघड बोलते. या क्षेत्रात, इथंही आणि तिथंही, चांगलं आणि भंपक एकाच ताटात वाढलेलं असतं. वजन उतरवणं, मीठ-साखर कमी करणं, चालणं, झोप, कंबरदुखीला योगासनं, गुडघ्यांभोवतीचे स्नायू बळकट करणं, हे भक्कम आहे, कोणताही हाडांचा डॉक्टर तुला तेच सांगेल. तुझ्या आजीला यानंच गुण आला, असं मला वाटतं. वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार उतरतो. पण डोळ्याची बुबुळं पाहून रोग ओळखणं, ‘शरीरातली विषं बाहेर काढणं’, लसीला नाकं मुरडणं, कॅन्सर रसानं बरा करायची भाषा, हेही याच छपराखाली ऐकू येईल. पेट्री डिशमध्ये वाढ झाली की नाही हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तो डोळा घरी ठेवून कॉलेजात जाऊ नकोस. जिथं प्रश्न विचारल्यावर शिक्षक चिडतात ते कॉलेज सोड, मग ते उजिरेचं असो की ऑरेगॉनचं.

आणि कोणी गांधीजींचं नाव घेऊन इस्पितळाला विरोध करायला लागला, तर त्याला एक तारीख सांग. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींचं अपेंडिक्स सुजलं, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ते कापून काढलं. मधेच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली. माती आणि पाण्यावर एवढी श्रद्धा असलेला माणूस वेळ आल्यावर टेबलावर झोपला. कटिस्नान कधी द्यायचं हे तुला कुठलंही कॉलेज शिकवेल. रुग्णाला ससूनला कधी पाठवायचं, हे जे नीट शिकवेल तिथं जा.

तिसरा रस्ता तुला कदाचित फिका वाटेल, पण लिहिते. बी.एस्सी.च्या जोरावर आहारशास्त्रातला पदव्युत्तर डिप्लोमा किंवा जिथं तुझा विषय चालतो तिथलं एम.एस्सी. २०२१ च्या कायद्यानं आहारतज्ज्ञांसह अनेक संलग्न आरोग्य व्यवसायांना राष्ट्रीय आयोग मिळाला आहे, म्हणजे या व्यवसायाला कायद्यात जागा आहे. जोडीला आपल्याच मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका, गोवर्धनला कार्यालय, इंदिरानगरातून पाऊण तास. दोन-अडीच वर्षांत तू कोणाचीही फसवणूक न करता मधुमेहाच्या, लठ्ठपणाच्या रुग्णांसोबत काम करत असशील, एखाद्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बसून. नावापुढे डॉक्टर लागणार नाही. ते लागणं तुला किती हवं आहे, हे मात्र तू मला न लिहिता स्वतःशीच ठरव. पत्रात ‘नावापुढे डॉक्टर लागतं’ हे वाक्य आहे, मातीच्या पट्टीचं नावही नाही.

गंगापूर रोडच्या केंद्राबद्दलही दोन शब्द. ॲलोपॅथीचा डॉक्टर तासाभरात दहा-बारा रुग्ण पाहतो, तुझ्याकडे एक रुग्ण तासभर टेबलावर असणार. बाई रुग्णांना बाई मदतनीस, पुरुषांना पुरुष, म्हणजे माणसं जास्त. पाणी भरपूर, चिखल वाहून नेणारा निचरा वेगळा, टॉवेल-चादरी रोज धुवायच्या. हे शहरातल्या दुकानाच्या गाळ्यात मावत नाही. हे खातं मुक्कामी रुग्णांचं आहे, आठ-दहा दिवस राहणाऱ्यांचं. देवळालीला मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक हवापालटाला का येत आणि सॅनिटोरियमं तिथंच का निघाली, याचा विचार केलास तर जागा कुठं शोधायची ते कळेल. त्र्यंबक रोड, इगतपुरीची बाजू. पण ही दहा वर्षांनंतरची गोष्ट, आत्ता त्यासाठी कोणाला बयाणा देऊ नकोस.

आत्ता काय करायचं ते सांगते. डिपॉझिट भरू नकोस. कॉलेजला साधी ईमेल लिही की प्रवेश एक वर्ष पुढं ढकलता येईल का. बरीच कॉलेजं ढकलतात. नाही ढकलला तर पुन्हा अर्ज करता येतो. मग उरुळीला किंवा पुण्याच्या राष्ट्रीय संस्थेत जाऊन विचार, काही महिने हाताखाली काम करू देतील का. पुण्याची संस्था उपचार-सहायकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही चालवत आली आहे. आजीसोबत राहिलीस तेव्हा तू पाहुणी होतीस. पहाटे उठून माती चाळायची, भिजवायची, परक्या माणसाच्या पोटावर पट्टी ठेवायची, एनिमाची भांडी धुवायची, दुपारी उपवासानं चिडलेल्या शेटजींची बोलणी खायची, हे दोन-तीन महिने करून बघ. तेवढ्यात तिथल्या डॉक्टरांना विचार, तुम्ही कुठं शिकलात, नोंदणी कुठली, पगार किती, मुलीला या क्षेत्रात घालाल का. त्यांची उत्तरं माझ्या पत्रापेक्षा उपयोगाची असतील.

त्यानंतरही मन तिथंच असेल, तर बी.एन.वाय.एस.चे अर्ज आणि नीटचा फॉर्म, दोन्ही भर. माझा स्वतःचा कल विचारशील तर नाशिकला पाटी लावायची असेल तेव्हा आयुर्वेद, मातीपाण्यावरच जीव असेल तर उजिरे, आणि अमेरिका फक्त तिथंच राहायचं असेल तर. बाबांना सांग, प्लॉटची कागदपत्रं बँकेतून परत आणा, गेली असतील तर. आणि सल्लागारानं डिपॉझिटसाठी फोन केला तर त्याला विचार, टेक्सासमध्ये परवाना कोण देतं. आजीचा रक्तदाब किती आला तेही कळव, वरचा आणि खालचा दोन्ही आकडे.

– मावशी